दोन दिवसांचं ऊन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली आहेस, दहा मिनिटं बोल. मी हो म्हटलं आणि नंतर लक्षात आलं, की या विषयावर आपल्याला आपली मुलंच जास्त चांगलं शिकवतील. म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी आज सुट्टीबद्दल बोलणार आहे. तीही मोठी नाही, दोन दिवसांची. शुक्रवारी रात्री निघायचं, दक्षिणेतल्या एखाद्या उबदार गावात जायचं, रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसायचं. तुम्हाला वाटेल, नंदुरबारच्या माणसाला उन्हासाठी आणखी दक्षिणेला कशाला जायला हवं? आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर पायाला चिकटतं. हा प्रश्न बरोबर आहे. माझ्या आईनेही तोच विचारला. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी एक जुनी आठवण. आपल्या स्टेशनवरून नवजीवन एक्स्प्रेस जायची, अजूनही जाते. अहमदाबादहून निघून थेट मद्रासला. भूगोलाच्या बाईंनी आपल्याला एकदा नकाशावर तिचा रस्ता काढायला लावला होता आणि ती किती राज्यांतून जाते ते विचारलं होतं. गुजरात, महाराष्ट्र, आंध्र, तमिळनाडू. चार. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, आता उत्तर पाच आहे, मध्ये तेलंगण झालं. डब्यावरची ‘मद्रास’ ही पाटी वाचून मला वाटायचं, ही गाडी आपल्या तापीकाठून निघून समुद्राच्या त्या टोकाला जाते, मग आपण का नाही? आपण दहावी झालो त्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं. आपण परीक्षेच्या फॉर्मवर ‘जिल्हा धुळे’ लिहिलं होतं. १ जुलै १९९८ला आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होते. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात मी कधी पूर्णवेळ राहिलेच नाही, असं गंमतीने म्हणता येईल. ही गंमत पुढे मला जड गेली.

मी गेली अठरा वर्षं बंगळुरूत आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, आपल्या तोरणमाळपेक्षा थोडंच खाली. हवा छान, सगळे कौतुक करतात. पण आमच्या कामाच्या ठिकाणी वर्षाचे बारा महिने एसी. खोलीतल्या यंत्रांना थंडावा लागतो आणि माणसांनी स्वेटर घालून बसायचं. चाळिशीनंतर माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर. वेणी घालायला हात मागे जाईना. व्यायाम आणि शेक, एवढंच औषध. बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं म्हणाले. खांद्याचं कारण तरी डॉक्टरांना ठाऊक होतं. बाकी जे आखडलं होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील, नाना, गेले. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असतील. मिरचीच्या एका पेढीवर ते चाळीस वर्षं दिवाणजी होते. पथारीवरून घरी आले की त्यांच्या सदऱ्याला मिरचीचा खाट यायचा आणि आम्ही भावंडं शिंकत दार उघडायचो. ते गेले तेव्हा मी स्वतः पॉझिटिव्ह होते, बंगळुरूत एका खोलीत बंद. अंत्यविधी मी मोबाईलवर पाहिला. मध्ये दोनदा नेटवर्क गेलं. नेटवर्क हेच माझं काम आहे. ते परत येईपर्यंत भावाने अग्नी दिला होता.

त्या वर्षी अनेकांच्या घरी हेच झालं. या सभागृहातही असतील. मी फक्त माझं सांगते. आई भावाकडे नाशिकला गेली, इथलं घर बंद झालं. मी पुढच्या दीड वर्षात एकदाच आले, कागदपत्रांवर सह्या करायला, तीही अर्ध्या दिवसासाठी. घराचं कुलूप उघडलं नाही. सगळ्यांना सांगत होते की सुट्टी मिळत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न तंजावरला होतं. नाइलाजाने गेले. म्हैसूरहून बंगळुरूमार्गे तिकडे जाणारी रात्रीची गाडी आहे. पहाटे उतरले आणि स्टेशनबाहेर पहिली गोष्ट जाणवली, ती म्हणजे हवा. जानेवारीची पहाट असूनही शाल काढावी लागली. बंगळुरूत तेव्हा रात्री पंधरा-सोळा अंश, आपल्याकडे त्याहूनही खाली, सातपुड्यात डाब, वालंब्याकडे दव गोठल्याच्या बातम्या. आणि इथे अंगावर ऊबदार, ओलसर हवा. पोंगलचा आठवडा होता. रस्त्याच्या कडेला ऊस आणि पानांसकट हळदीची रोपं विकायला ठेवलेली. मट्टू पोंगल म्हणजे तिकडचा पोळाच. त्या दिवशी बृहदीश्वराच्या मंदिरातल्या प्रचंड नंदीला भाज्या आणि फळांच्या माळांनी सजवतात. वांगी, काकड्या, केळी, सगळं त्याच्या अंगावर. मी मनात म्हटलं, अरे, हा तर आपला माणूस.

लग्न सकाळीच उरकलं. दुपारी मोठ्या मंदिरात गेले तर दार बंद. तिकडे बहुतेक देवळं साधारण साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात. देव विश्रांती घेतो आणि गावही घेतं. माझ्यासारखीला, जिचा फोन रात्री तीनला वाजतो, हे आधी चमत्कारिक वाटलं. मग खोलीवर जाऊन पंख्याखाली चटईवर आडवी झाले आणि तीन तास झोपले. अशी दुपारची झोप मी शेवटची कधी घेतली होती ते आठवलं. आपल्या घरी, मे महिन्यात, शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून. नाना पेढीवरून जेवायला आले की तासभर असेच पडायचे, तोंडावर पंचा टाकून.

चारनंतर मंदिर उघडलं. राजराज चोळाने बांधलेलं हे मंदिर १०१० साली पूर्ण झालं. शिखर दोनशे सोळा फूट उंच, दगड कलत्या उन्हात मधासारखा दिसतो. अंगणात अनवाणी चालावं लागतं. दुपारचं ऊन त्या दगडांनी पिऊन ठेवलेलं असतं आणि संध्याकाळी ते हळूहळू परत देतात. मी एका भिंतीला पाठ टेकून बसले. खांद्याच्या मागून ऊब आत शिरली. मी काही चमत्कार सांगत नाही. हात त्या दिवशी वर गेला नाही, तो पुढे नऊ महिन्यांच्या व्यायामानेच गेला. पण दीड वर्षात पहिल्यांदा मी तासभर कशाचीही वाट न पाहता बसले.

उठून प्रदक्षिणेला गेले आणि आवाराच्या दक्षिण-पश्चिम बाजूला भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसली. वाचायला लागले तर मराठी! इतिहासाच्या सरांना माहीत असेल, मला मात्र तोवर नव्हतं. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे दगडावर कोरून घेतला आहे. भिंतभर मराठी, तमिळ देशाच्या मधोमध. आजूबाजूला कोणीही ती वाचत नव्हतं. मी बोट न लावता, पण बोटानेच, ओळ ओळ वाचत राहिले. जुनी भाषा, अर्ध्या शब्दांना अडखळत होते. शेजारी एक आजी येऊन उभ्या राहिल्या, नऊवारी नव्हे, कांजीवरम नेसलेल्या. त्यांनी मराठीत विचारलं, कुठल्या गावच्या? त्यांचं घराणं तिथे दहा-अकरा पिढ्या. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता, काही शब्द मला कळले नाहीत. मी म्हटलं, आजी, आमच्याकडेही घरात वेगळंच बोलतात, आणि त्यांना अहिराणीत विचारलं, “कसं काय शे?” त्या पदराआड तोंड धरून हसल्या. म्हणाल्या, म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच. शाळेत आपण अहिराणी बोललो की आपल्याला हसायचे. तंजावरला पहिल्यांदा तिच्यामुळे कोणीतरी मला आपलं मानलं.

चौथीच्या पुस्तकात आपण व्यंकोजीराजांबद्दल शिकलो होतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, शहाजीराजांच्या बंगळुरूच्या जहागिरीत वाढलेले. त्यांनी तंजावर घेतलं आणि तिथे गादी केली. म्हणजे बंगळुरूहून तंजावरला जाणारी मी काही पहिली नाही. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत महाराज त्यांना भेटले, दोघांत बेबनाव झाला, लढाई झाली, मग तह झाला. त्या तहात महाराजांनी बंगळुरूचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. पण यातली जी गोष्ट मला आता कळते, ती चौथीत कळली नव्हती. या सगळ्यानंतर व्यंकोजीराजे खचले. कशात लक्ष घालीनात, खाण्यापिण्यावरून मन उडालं, बैराग्यासारखे बसून राहिले. तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहिलं. रागाचं नाही, थोरल्या भावाचं. असं रिकामं बसू नका, उठा, कामाला लागा, हे दिवस काही करून दाखवायचे आहेत, असा त्याचा आशय. सर, हा धडा आपल्याकडे पाच मार्कांसाठी होता. एखाद्या माणसाला उदासी येते, राजालाही येते, आणि त्याला उठवायला कोणीतरी आपलं लागतं, हे त्यात लिहिलेलं होतं आणि आपण सनावळ्या पाठ केल्या.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आवारातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. हे नायक राजांच्या काळापासूनचं, पण त्याला मोठं केलं ते सरफोजीराजांनी. हा राजा १७९८ ते १८३२ गादीवर होता. प्रत्यक्ष सत्ता इंग्रजांकडे गेलेली, हातात किल्ला आणि पेन्शन. दुसरा कोणी असता तर कुढत बसला असता. याने पुस्तकं जमवली. छापखाना काढला, १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत ‘बालबोध मुक्तावली’ नावाने छापल्या. त्याच्या धन्वंतरी महालात वैद्यकाचं काम चाले, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट टिपणं ठेवली जात, ती आजही जपलेली आहेत. ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या घरात आहेत, शिवाय मोडीतल्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. दरबाराचा रोजचा कारभार, जमाखर्च.

तिथल्या छोट्या संग्रहालयात काचेखाली एक मोडी कागद होता. मी त्याच्यासमोर थांबले आणि हलताच येईना. नानांना थोडी मोडी यायची, आजोबांकडून शिकलेली. पेढीच्या जुन्या चोपड्या ते मला दाखवायचे. म्हणायचे, बघ, लेखणी उचलायचीच नाही, हिशेब आणि नदी मध्ये थांबत नाही. मला तो कागद वाचता येत नव्हता. नानांना आला असता. त्यांना त्या मंदिराच्या भिंतीही आवडल्या असत्या. राजराजाने दिव्यांना किती तूप, कोणता दागिना किती वजनाचा, हे सगळं दगडावर कोरून ठेवलं आहे. देवळात नाचणाऱ्या चारशे स्त्रियांची नावं आणि त्या कोणत्या गल्लीत कोणत्या घरात राहतात, हेसुद्धा. नाना म्हणाले असते, हजार वर्षं टिकलेली खतावणी! त्या काचेसमोर मी रडले. दीड वर्ष जे जमलं नव्हतं ते तिथे, अनोळखी लोकांत, रविवारी सकाळी झालं. पहारेकऱ्याने काही न विचारता स्टूल आणून दिलं.

त्यानंतर मला सवयच लागली. दोन-अडीच महिन्यांनी एक शुक्रवार ठरलेला. मदुराईला गेले, तिथे पहाटे मोगऱ्याचे ढीग पाहिले आणि मीनाक्षीच्या देवळात रात्री देवाला शेजघरात नेतात तो सोहळा पाहिला. श्रीरंगमला गेले, कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधलं बेट. तंजावरजवळच्या तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. जानेवारीत त्यांच्या आराधनेला शेकडो गायक मांडी घालून एकत्र गातात. घाटावर बसले की मला प्रकाशाचा घाट आठवतो, तापी आणि गोमाईच्या संगमावरचा.

या सहलींचे माझे काही नियम झाले आहेत, ते सांगते. कोणाला उपयोग झाला तर बघा. एका वेळी एकच गाव. पाहायच्या जागांची यादी करायची नाही. एक जागा सकाळी, एक संध्याकाळी, दुपारी झोप. लॅपटॉप घरी. नाश्ता गर्दी असेल तिथे, केळीच्या पानावर इडली, मग पितळी पेल्यातली कॉफी. सांबार चाखताना लक्षात ठेवा, की ते तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं आणि संभाजीराजांवरून त्याला नाव पडलं अशी कथा तिथे हौसेने सांगतात. खरंखोटं त्या मुदपाकखान्यालाच ठाऊक, पण आपण ऐकून एक वाटी जास्त घ्यावी. आणि शेवटचा नियम, फोटो कमी, बसणं जास्त. आठ दिवसांच्या सहलीत माणूस पैसे वसूल करत फिरतो. दोन दिवसांत काही वसूल होणारच नसतं, म्हणून जीव मोकळा राहतो.

आता आईचा प्रश्न. गेल्या वर्षी मी पाचव्यांदा तंजावरला गेले होते. संध्याकाळी त्याच गरम भिंतीला टेकून तिला फोन लावला, फार छान वाटतंय गं, अगदी आपल्या गच्चीवर बसल्यासारखं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तंजावरला जायला सुट्टी मिळते का गं तुला? गच्ची तर इथेच आहे.” ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री गाडीत झोप लागली नाही. मी हिशेब मांडला, दिवाणजीची मुलगी आहे. दोन वर्षांत परक्या गावांत काढलेले दिवस वीसहून जास्त, नंदुरबारला काढलेला अर्धा. मी उन्हाच्या शोधात फिरत होते असं मला वाटत होतं. शोधत होते ती दुपार, तो पंचा, ती फरशी. जिथे नाना नाहीत हे आधीच ठाऊक आहे अशा गावांत ते शोधणं सोपं होतं. जिथे ते असायला हवे होते, त्या घराचं कुलूप काढायची हिंमत नव्हती.

म्हणून हे आमंत्रण आलं तेव्हा पहिल्यांदा मी तारखा न बघता हो म्हटलं. सुरतेपर्यंत विमान आणि पुढे आपली गाडी. काल सकाळी स्टेशनवर उतरले. रिक्षा पथारीजवळून गेली. डिसेंबर म्हणजे मैदानं लालेलाल, आणि वाऱ्याबरोबर तो खाट नाकात गेला. मी जोरात शिंकले. रिक्षावाला म्हणाला, ताई, बाहेरच्या दिसता. मी म्हटलं, नाही हो भाऊ, इथलीच आहे, सवय मोडली होती.

घर उघडलं. आईही नाशिकहून आली आहे, ती मागच्या रांगेत बसली आहे. धूळ होती, वाळवीने एक दार खाल्लं आहे. नानांच्या कपाटात पेढीच्या दोन जुन्या चोपड्या मिळाल्या. दुपारी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन आम्ही दोघी फरशीवर आडव्या झालो. तंजावरइतकी ऊब नव्हती, फरशी गार होती. आईने पांघरूण आणलं. झोप मात्र लागली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले निम्मे पुण्यात, सुरतेत, मुंबईत, काही परदेशात. गल्लीगल्लीत आपली कुलपं आहेत. मी उपदेश करायला उभी नाही, मला तो अधिकारही नाही. इथे राहून ज्यांनी आमच्या आईवडिलांना त्या काळात डबे पोचवले, ऑक्सिजनसाठी धावपळ केली, ते आमचे वर्गमित्र समोर बसले आहेत. त्यांचे आभार मानायला मला साडेतीन वर्षं लागली, ते आज मानते. आणि बाहेरच्यांना एवढंच सांगते, दोन दिवस पुष्कळ असतात. आठवड्याची रजा मिळण्याची वाट बघू नका.

आणि दक्षिणेची ओढ असेल तर जरूर या. बंगळुरूला माझ्याकडे उतरा, शुक्रवारची रात्रीची गाडी मी काढून ठेवते. ती भिंत वाचायला सोबत हवीच आहे. इतिहासाचे सर, तुम्ही आलात तर अडलेले शब्द तुम्हाला विचारीन, आणि या वेळी मार्कांसाठी विचारणार नाही.

चोपड्या मी बरोबर घेऊन जाणार आहे. मोडी शिकायला सुरुवात केली आहे, शनिवार-रविवारी. अजून ‘श्री’च्या पुढे फार गेलेले नाही.

थांबते.